जर्मनीत ५० लाख बेरोजगार होते, ते गेले कुठं?

२०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारनं जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याबरोबर करार केला, दहा हजार कुशल कामगार तिकडं पाठवायचे म्हणून, आणि तेव्हापासून आपल्या मराठवाड्यात जर्मनीचं नाव घरोघरी पोचलं. लातूर, नांदेड, संभाजीनगर, जिकडं तिकडं जर्मन शिकवणाऱ्या क्लासच्या पाट्या दिसायल्यात. आयटीआय झालेला इलेक्ट्रिशियन पोरगा आणि जीएनएम झालेली पोरगी, दोघंही 'बी वन झालं का', म्हणजे जर्मन भाषेची मधली पातळी पास झालास का, म्हणून विचारायलेत. आणि त्याच व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी काका फॉरवर्ड टाकतात की बघा, जर्मनीनं बेरोजगारी संपवली, फुकटचे पैसे वाटणं बंद केलं, लोकांना कामाला लावलं, आपल्याकडं पण असाच दणका पाहिजे.

हे फॉरवर्ड वाचलं की मला राहवत नाही, कारण त्यात खरं आहे ते अर्धंच आहे आणि राहिलेलं अर्धं आपल्यासारख्या मागास भागातल्या माणसानं तर नक्की वाचायला पाहिजे.

खरं काय, ते आधी. २००५ च्या फेब्रुवारीत जर्मनीत ५२ लाख लोक बेरोजगार म्हणून नोंदवलेले होते, आठ कोटींच्या देशात. २०१९ ला तोच आकडा २३ लाखांच्या खाली आला. ही काही गंमत नाही. मधल्या काळात सरकारनं कायदे बदलले, आणि त्याची किंमत म्हणून चान्सलरची, म्हणजे तिथल्या पंतप्रधानाची, खुर्चीही गेली. पण हा देश दोन तुकडे जोडून झालेला होता, एक श्रीमंत आणि एक खंगलेला, आणि औषध मात्र दोघांना एकच दिलं. एकाला ते लागू पडलं. दुसऱ्याचं काय झालं ते खाली सांगतो.

आधी दोन देश होते, मग एक झाला

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीचे दोन भाग झाले हे आपण शाळेत शिकलोय. पश्चिमेला बाजाराची अर्थव्यवस्था, पूर्वेला सरकारी. पूर्वेत बेरोजगारी जवळपास नव्हतीच, कारण प्रत्येकाला काम द्यायचंच असा नियम होता, मग कारखान्यात तिघांचं काम पाच जण करेनात का. बायकासुद्धा जवळजवळ सगळ्या नोकरी करायच्या, पाळणाघरं सरकारी. माल मात्र जुनाट मशिनवर बनायचा आणि तो घ्यायला रशिया, पोलंड असे ठरलेले गिऱ्हाईक होते.

९ नोव्हेंबर १९८९ ला बर्लिनची भिंत उघडली. १ जुलै १९९० ला पूर्वेत पश्चिमेचं चलन, म्हणजे डॉइच मार्क, लागू झालं आणि ३ ऑक्टोबर १९९० ला दोन्ही देश एक झाले. तेव्हाचे चान्सलर हेल्मुट कोल यांनी टीव्हीवर सांगितलं होतं की पूर्वेचा प्रदेश लवकरच बहरून येईल. लोकांनी विश्वास ठेवला. कुणीही ठेवला असता.

पगार वाढला आणि नोकरी गेली

आता इथं जरा थांबून समजून घ्या, कारण पुढचं सगळं इथूनच सुरू होतं.

पूर्वेचा मार्क आणि पश्चिमेचा मार्क यांची खरी किंमत सारखी नव्हती, पूर्वेचा खूपच हलका होता. पण पगार आणि पेन्शन बदलून देताना सरकारनं दर ठेवला एकास एक. बँकेतल्या बचतीलाही ठराविक रकमेपर्यंत एकास एक, त्याच्या वर दोनास एक. लोकांना हे न्यायाचंच वाटलं, आणि सरकारलाही भीती होती की असं केलं नाही तर सगळी तरुण पोरं सामान उचलून पश्चिमेला जातील.

समजा उद्या असा नियम आला की परतूरच्या एखाद्या फॅब्रिकेशन वर्कशॉपमधल्या वेल्डरला चाकणच्या कंपनीतल्या वेल्डरचाच पगार द्यायचा. वेल्डर खूश होईल, पेढे वाटील. पण वर्कशॉपचं मशिन तेच आहे, लाईट तशीच जायली, रस्ता तोच आहे आणि गिऱ्हाईक म्हणतंय की एवढ्या पैशात मी पुण्याचाच माल आणतो की. सहा महिन्यांत शटर खाली. पूर्व जर्मनीत हेच झालं, फक्त एका वर्कशॉपचं नाही, अख्ख्या देशाचं. त्यात रशियाकडचं गिऱ्हाईकही गेलं कारण आता माल डॉइच मार्कात घ्यावा लागणार होता आणि तो त्यांच्याकडं नव्हता. वर कामगार संघटना आणि मालक यांनी मिळून ठरवलं की काही वर्षांत पूर्वेचे पगार पश्चिमेएवढे करायचे. मजा म्हणजे ठरवणारे दोन्ही बाजूचे बरेच जण पश्चिमेचेच. पूर्वेत स्वस्त मजुरीवर कारखाने उभे राहिले तर पश्चिमेतल्या संघटनांनाही नको होतं आणि पश्चिमेतल्या मालकांनाही.

थोड्याच वर्षांत पूर्वेतल्या जवळपास एकतृतीयांश नोकऱ्या गेल्या.

ट्रॉयहांड: कारखाने विकणारं खातं

पूर्वेतले सगळे सरकारी कारखाने विकायला एक संस्था काढली, तिचं नाव ट्रॉयहांड. हिच्याकडं सुरुवातीला साडेआठ हजारांच्या आसपास कंपन्या आणि ४० लाखांच्या आसपास कामगार होते. १९९४ संपता संपता संस्था बंद केली तोपर्यंत त्यातल्या निम्म्याहून जास्त नोकऱ्या संपलेल्या होत्या. विक्रीतून फायदा होईल असं आधी वाटलं होतं, शेवटी सुमारे २५० अब्ज मार्कांचा खड्डा पडला. संस्थेचे प्रमुख डेटलेव रोवेडर यांचा एप्रिल १९९१ मध्ये गोळ्या घालून खून झाला, म्हणजे वातावरण किती तापलं असेल बघा.

थुरिंगिया भागात बिशोफेरोडं नावाचं गाव आहे, तिथं पोटॅशची खाण होती. पोटॅश म्हणजे आपण उसाला, केळीला टाकतो तेच खत. कामगार म्हणत होते आमचा माल चांगला आहे, परदेशात खपतो, खाण चालू ठेवा. पण पश्चिमेच्या कंपनीबरोबर विलीनीकरण झालं आणि त्या हिशोबात ही खाण बसली नाही. १९९३ च्या उन्हाळ्यात कामगार उपोषणाला बसले. वर्ष संपताना खाण बंद झाली. तिकडची म्हातारी माणसं आजही हे नाव काढतात, जसं आपल्याकडं बंद पडलेल्या सूतगिरणीचं किंवा साखर कारखान्याचं काढतात.

पैसे दिले नाहीत असं मात्र कुणी म्हणू नये. इन्कम टॅक्सवर वेगळा अधिभार लावला, त्याला लोक सोली म्हणायचे, आणि रस्ते, टेलिफोन, रेल्वे, जुनी शहरं यावर पश्चिमेनं अफाट खर्च केला. लाइपझिग, ड्रेस्डेन आज बघितलं तर डोळे दिपतात. रस्ता झाला, पण रस्त्याच्या कडेचा कारखाना गेला तो गेला. २००५ पर्यंत पश्चिमेत बेरोजगारी ज्या दरानं होती त्याच्या जवळपास दुप्पट पूर्वेत होती, तिथं दर पाच-सहा माणसांत एक बेकार.

मग हार्ट्झसाहेब आले

पश्चिमेचंही बरं चाललं नव्हतं. १९९० च्या दशकाच्या शेवटी जर्मनीला युरोपचा आजारी माणूस म्हणायचे. कामगार महाग, नियम कडक, कंपनी माणूस घ्यायला घाबरायची कारण एकदा घेतला की काढता येत नाही. (हे ऐकून आपल्याकडच्या लेबर कोडवरच्या वादाची आठवण आली असेल तर बरोबर आली, मुद्दे तेच आहेत.)

२००२ च्या सुरुवातीला एक घोटाळा बाहेर आला. आमच्यामुळं इतक्या लोकांना नोकऱ्या लागल्या असे आकडे तिथलं रोजगार खातं देत होतं, आणि ऑडिटमध्ये त्यातले बरेचसे खोटे निघाले. चान्सलर गेरहार्ड श्रोडर यांची निवडणूक तोंडावर होती. त्यांनी एक समिती नेमली आणि प्रमुख केलं पेटर हार्ट्झ यांना, फोक्सवॅगन कंपनीत मनुष्यबळाचं खातं सांभाळणारे. समिती म्हणाली आम्ही तीन वर्षांत बेरोजगार २० लाखांनी कमी करतो. (पुढं २००७ मध्ये याच हार्ट्झना फोक्सवॅगनमधल्या एका प्रकरणात स्थगित शिक्षा झाली, तो वेगळा विषय.) १४ मार्च २००३ ला श्रोडर यांनी संसदेत 'अजेंडा २०१०' जाहीर केला आणि हार्ट्झ एक, दोन, तीन, चार असे कायदे एकामागून एक आले.

पहिल्या तिघांचं थोडक्यात सांगतो. ठेकेदारामार्फत कामगार घ्यायचे नियम सैल झाले, म्हणजे वाळूजच्या एमआयडीसीत असतं तसंच, गेट कंपनीचं पण पगार ठेकेदाराकडून. 'मिनीजॉब' आला: महिन्याला ४०० युरोपर्यंत कमवा, तुमच्या पगारातून टॅक्स किंवा विम्याची कपात नाही. बेकारानं स्वतःचा धंदा काढला तर पहिल्या वर्षी महिना ६०० युरो मदत, पुढच्या दोन वर्षांत कमी कमी. आणि रोजगार खात्याची आतून बाहेरून मोडतोड करून ते नव्यानं उभं केलं, खिडकीवर कागद घेणारा बाबू जाऊन काम शोधून देणारा माणूस यावा हा उद्देश.

चौथा कायदा १ जानेवारी २००५ ला लागू झाला, पण देश त्याच्या आधीच पेटला होता.

सोळा पानांचा फॉर्म

आधी पद्धत अशी होती. नोकरी गेली की विम्यातून जुन्या निव्वळ पगाराच्या ६० टक्के मिळायचे, पोरंबाळं असतील तर ६७. वयानुसार हे ३२ महिन्यांपर्यंत चालायचं. ते संपलं की दुसरा भत्ता, ५३ किंवा ५७ टक्के, आणि याला मुदतच नव्हती. म्हणजे चांगल्या पगाराचा माणूस वर्षानुवर्षं जुन्या पगाराच्या निम्म्यावर घरी बसू शकत होता.

हार्ट्झ चारनं हा दुसरा भत्ता काढूनच टाकला. विम्याचा भत्ता बहुतेकांना १२ महिने, वयस्करांना थोडा जास्त. त्यानंतर सगळ्यांना एकच ठोक रक्कम, तुम्ही तीस वर्षं फोरमन असा नाहीतर आयुष्यात एक दिवस कामाला गेलेला नसा. रक्कम किती? एकट्या माणसाला महिना ३४५ युरो, घरभाडं आणि हीटिंग वेगळं. आणि हे वाचा: ३४५ पश्चिमेत. पूर्वेत ३३१. देश एक होऊन पंधरा वर्षं झाली होती आणि सरकारी कागदावर पूर्वेचा माणूस १४ युरोनं स्वस्त होता. दीड वर्षानं, जुलै २००६ पासून, तो फरक काढला.

फॉर्म सोळा पानांचा होता. बँकेत किती आहे, गाडी कोणती, घर किती चौरस मीटरचं, सोबत कोण राहतं आणि त्याला पगार किती. बायको कमावत असेल तर तुमचा भत्ता कमी किंवा बंद. शिल्लक असेल तर आधी ती खा, मग या. एखादा ५० वर्षांचा गिरणीतला माणूस डोळ्यासमोर आणा, ज्यानं आयुष्यभर विम्याचा हप्ता भरला, ज्याची गिरणी १९९२ ला बंद पडली, ज्यानं मग मिळेल ते काम केलं, आणि आता त्याला हा फॉर्म भरून पोराच्या वयाच्या अधिकाऱ्यासमोर ठेवायचाय. त्यात अधिकाऱ्यानं सांगितलेलं काम नाकारलं तर भत्त्यात ३० टक्के कात्री. पंचविशीच्या आतला असेल तर मूळ रक्कम पूर्णच बंद. शिवाय 'एक युरोची कामं' होती, बागेतला पालापाचोळा गोळा करा, वृद्धाश्रमात मदत करा, तासाला भत्त्यावर एक-दोन युरो जास्त.

२००४ च्या उन्हाळ्यात पूर्वेतल्या माग्डेबुर्गपासून सोमवारचे मोर्चे सुरू झाले. १९८९ मध्ये हुकूमशाही पाडली ती याच सोमवारच्या मोर्चांनी, त्यामुळं लोकांनी मुद्दाम तोच वार धरला. श्रोडर २००५ ची निवडणूक थोडक्यात हरले, अँगेला मर्केल आल्या. कायदा मात्र त्यांनी ठेवला.

'पण आकडा तर खाली आला ना भाऊ?'

आला. आणि जे म्हणतात की सगळी आकड्यांची चलाखी होती ते पण चूकच आहेत. उलट जानेवारी २००५ मध्ये आकडा ५० लाखांच्या वर उडी मारून गेला त्याचं एक कारण असं की आधी गरिबांच्या मदतीवर असलेले, काम करू शकणारे लोकसुद्धा आता बेरोजगारांत मोजायला लागले. म्हणजे सरकारनं स्वतःहून आकडा वाढवून घेतला. आपल्याकडच्या सरकारांकडून (कुठल्याही पक्षाच्या) मी ही अपेक्षा ठेवणार नाही.

एक युरोचं काम करणारे बेरोजगारांत धरत नसत, ही थोडी चलाखी म्हणा. पण २००८ पर्यंत आकडा ४९ लाखांच्या आसपासच्या सरासरीवरून ३३ लाखांच्या खाली आला, त्यातला बराचसा भाग खरोखर कामाला लागलेल्यांचा होता.

आपले आकडे त्यांच्याशी ताडून बघायच्या आधी हेही माहीत असू द्या की आपल्याकडच्या सर्वेक्षणात चालू आठवड्याच्या पद्धतीनं, सात दिवसांत एखाद्या दिवशी एक तास जरी काम केलं तरी माणूस कामावर धरतात. एमए बीएड झालेला पोरगा बापाच्या सोयाबीनमध्ये दोन दिवस फवारणी करून आला की तो रोजगारात. म्हणून बेरोजगारीचा दर कागदावर छोटा दिसतो आणि पोलीस भरतीला मैदान भरून वाहतं.

'भत्ता कमी केला म्हणूनच आळशी लोक कामाला लागले'

हा सगळ्यात लाडका युक्तिवाद, काकांच्या फॉरवर्डचा गाभाच हा.

यात तथ्य आहे पण ते पश्चिमेतलं. म्युनिकला किंवा स्टुटगार्टला माणूस भत्त्यावर बसला होता आणि शेजारच्या तालुक्यात कंपनीला माणूस मिळत नव्हता, अशा ठिकाणी भत्ता कमी केला, काम शोधून देणारं ऑफिस सुधारलं, तर माणूस लवकर कामाला लागतो. ज्याची नोकरी अजून टिकून आहे तोही घाबरतो, की आपली गेली तर वर्षात आपण तळाला, म्हणून तो पगारवाढ मागत नाही. कंपनीला मजुरी स्वस्त पडते, माल स्वस्त होतो, निर्यात वाढते. त्याच काळात चीनला मशिनं पाहिजे होती आणि ती जर्मनी बनवायचा, हे नशीबही होतं.

शिवाय बऱ्याच अर्थतज्ज्ञांचं म्हणणं आहे की खरा फरक हार्ट्झच्या आधीच सुरू झाला होता. तिथं पगार पूर्ण उद्योगाचा मिळून एकदाच ठरायचा, संघटना विरुद्ध मालकांची संघटना. नव्वदच्या दशकात मंदी आल्यावर यात ढील आली, एकेका कारखान्यात कामगार आणि मालक बसून ठरवायला लागले की आम्ही थोडे तास जास्त करतो, पगारवाढ सोडतो, तुम्ही कुणाला काढू नका. २००४ मध्ये फोर्झहाइम गावात याबद्दल मोठा करार झाला, आणि हे गाव बाडेन-व्युर्टेमबर्गमध्येच आहे, जिथं आपली पोरं जायलीत. हे काम कुठल्या सरकारी कायद्यानं केलेलं नाही, समोरासमोर बसून, एकमेकांवर विश्वास ठेवून झालंय. हा विश्वास कायदा छापून येत नसतो, म्हणून 'जर्मनीचा कायदा उचला आणि इकडं लावा' म्हणणाऱ्यांचं मला आश्चर्य वाटतं.

२००९ च्या जागतिक मंदीत तर आणखी कमाल झाली. अर्थव्यवस्था एका वर्षात पाच टक्क्यांहून जास्त आकसली आणि बेरोजगारी मात्र फारशी हललीच नाही. कारण 'कुर्झआरबाइट', म्हणजे कमी तासांची योजना: काम कमी आहे तर कुणाला काढू नका, सगळ्यांचे तास कमी करा, बुडालेल्या पगाराचा मोठा भाग सरकारी विमा देईल. एका वेळी १४ लाखांच्या वर कामगार यात होते. म्हणजे फुकटचे पैसे वाटून नोकऱ्या वाचवल्या. हे फॉरवर्डमध्ये येत नाही.

किंमत काय मोजली तर कमी पगाराच्या नोकऱ्या इतक्या वाढल्या की दर पाचातला एक कामगार त्यात गेला. काम करूनही भागेना म्हणून वरून सरकारी मदत घेणारे लाखो झाले. शेवटी १ जानेवारी २०१५ पासून देशभराचं किमान वेतन आणावं लागलं, तासाला साडेआठ युरो. त्याआधी जर्मनीत सगळ्यांसाठीचं किमान वेतनच नव्हतं, खोटं वाटेल पण नव्हतं. आणलं तर नोकऱ्या बुडतील म्हणून ओरड झाली होती, तसं काही मोठं झालं नाही. भत्त्यातली ३० टक्क्यांच्या वरची कात्री २०१९ मध्ये तिथल्या घटनापीठानं रद्द केली, आणि २०२३ मध्ये हार्ट्झ चारचं नावच बदलून जरा मवाळ योजना आणली. २०२५ मध्ये आलेलं चान्सलर मेर्झ यांचं सरकार ती पुन्हा आवळायलंय. वीस वर्षं झाली तरी भांडण संपलेलं नाही.

'पूर्वेत पण बेरोजगारी उतरलीच की'

उतरली, आणि आज पूर्व-पश्चिमेतला फरक दोन टक्क्यांच्या आसपास राहिलाय. पण कशी उतरली ते बघा.

जिथं कारखानाच नाही तिथं माणसाला कितीही ढोसलं तरी तो जाणार कुठं? २००५ साली पूर्वेत एका रिकाम्या जागेमागं बेकारांची रांग होती, तिथं भत्ता कापून फक्त भत्ता कापला गेला. पुढं आकडा उतरला त्यात एक मोठा वाटा लोक निघून गेले याचा आहे. भिंत पडल्यापासून लाखो लोक पूर्वेतून पश्चिमेला गेले, त्यात तरुण जास्त, आणि तरुणांत पोरी जास्त. मागं राहिले त्यांतले बरेच रिटायर झाले, आणि भिंत पडल्यावर तिथं जन्मदरच धाडकन पडला होता त्यामुळं नवी पोरं बाजारात आलीच कमी. गावातली माणसंच कमी झाल्यावर बेकारही कमी होणारच की हो! बीडच्या एखाद्या तांड्यावर दिवाळीनंतर जाऊन विचारा, ऊसतोडीला सगळे गेल्यावर तिथंही बेरोजगार सापडणार नाही.

दुसरा वाटा खऱ्या उद्योगांचा आहे, तोही सांगायलाच पाहिजे. ड्रेस्डेनच्या आसपास चिपचे कारखाने जमले, बर्लिनजवळ ग्र्युनहाइडला २०२२ मध्ये टेस्ला आली. पण ते सरकारनं जमीन, अनुदान, विद्यापीठं यांच्यावर वर्षानुवर्षं पैसा ओतल्यावर आलं, भत्ता कापल्यावर नाही.

आणि राग राहिला तो राहिलाच. सप्टेंबर २०२४ मध्ये थुरिंगिया राज्यात एएफडी हा स्थलांतरितांना विरोध करणारा अतिउजवा पक्ष ३२ टक्क्यांच्या वर मतं घेऊन पहिला आला. सगळा राग हार्ट्झचा आहे असं मी म्हणणार नाही, पण 'आमचे निर्णय तिकडचे लोक घेतात' ही भावना ट्रॉयहांडपासूनची आहे. अनुशेष हा शब्द ऐकत मोठ्या झालेल्या मराठवाड्यातल्या माणसाला ही भावना वेगळी समजावून सांगायची गरज नाही. दांडेकर समितीनं अनुशेष मोजला, १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळ आलं, एप्रिल २०२० मध्ये त्याची मुदत संपली, आणि मुंबईत कुणाला फार फरक पडला नाही.

मग आपल्याकडं यातलं काय घ्यायचं?

आपल्याकडं कापायला भत्ताच नाही. त्यामुळं 'फुकटचे पैसे बंद करा म्हणजे पोरं कामाला लागतील' हा भाग इथं लागूच होत नाही, पोरं भत्ता घेऊन नाही तर अभ्यासिकेत बसून म्हातारी होतायत.

उलट आपल्याकडं २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, बारावीला ६ हजार, आयटीआय-डिप्लोमाला ८, पदवीला १० हजार महिना, सहा महिने, मग आणखी पाच महिने वाढवले. ही त्यांच्या एक युरोच्या कामाची चुलतबहीणच आहे. पोरगं ग्रामपंचायतीत किंवा शाळेत बसलं, कॉम्प्युटर चालवला, मुदत संपली की घरी. जर्मनीतही एक युरोच्या कामातून पक्की नोकरी फार कमी जणांना लागली. संभाजीनगरला शेंद्रा-बिडकीन आहे म्हणून तिथल्या पोराला अशा प्रशिक्षणाचा उपयोग होईलही, हिंगोलीच्या पोरानं प्रशिक्षण घेऊन कुठल्या गेटवर उभं राहायचं? जिल्हा बघून योजना बदलली पाहिजे, एवढंच माझं म्हणणं आहे, आणि आपल्या योजना तर जीआर निघतो तो ३६ जिल्ह्यांना एकच.

घेण्यासारखं एक आहे ते म्हणजे त्यांचं 'आउसबिल्डुंग', आठवड्यातले काही दिवस कंपनीत काम आणि काही दिवस शाळा, दोन ते साडेतीन वर्षं, पहिल्या महिन्यापासून स्टायपेंड. हार्ट्झच्या कितीतरी आधीपासून चालू आहे आणि पोरांची बेरोजगारी तिथं कमी असण्यामागं याचा हात मोठा आहे. यात कंपनी स्वतः खर्च करते. आपल्या आयटीआयला जुनं लेथ मशिन आणि कंपनीला फुकट अप्रेंटिस हे समीकरण मोडल्याशिवाय ते होणार नाही.

आणि तिकडं बेरोजगार आहेत तर मग आपली पोरं कशाला पाहिजेत?

हा प्रश्न खूप जण विचारतात, आणि बरोबरच आहे, कारण ऑगस्ट २०२५ मध्ये तिथले बेरोजगार पुन्हा ३० लाखांच्या वर गेले, दहा वर्षांत पहिल्यांदा. उत्तर असं की बेकार आहेत ते वेगळे आणि रिकाम्या जागा आहेत त्या वेगळ्या. मोटारीच्या कारखान्यातून निघालेला पन्नाशीचा माणूस उद्या नर्स होत नाही. म्हातारी माणसं वाढली, सांभाळायला हात नाहीत, नळाचं आणि लाईटचं काम करणारे रिटायर व्हायलेत. म्हणून तर २०२४ मध्ये त्यांनी भारतीय कुशल कामगारांसाठीचे व्हिसे वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांवर न्यायचं ठरवलं.

फक्त जाताना राज्य बघून जा. स्टुटगार्टकडं पगार जास्त, पण भाड्यानं घर मिळता मिळत नाही आणि मोटार उद्योगात सध्या कपात चालू आहे. पूर्वेकडच्या झाक्सेन, थुरिंगिया राज्यांत भाडं स्वस्त, पाळणाघरं चांगली (जुन्या राजवटीची ती एक गोष्ट टिकली), माणसांची गरजही आहे, पण छोट्या गावात परक्या माणसाकडं कसं बघतात ते आधी गेलेल्या कुणाला तरी फोन करून विचारा. नर्सिंगला साधारण बी टू, म्हणजे बी वनच्या वरची पातळी लागते, नुसत्या बी वनवर भागत नाही. आणि करारात कामाचं गाव कुठलं लिहिलंय, आकडा टॅक्स कापायच्या आधीचा आहे की हातात येणारा, तासाचा दर किमान वेतनाच्या वर आहे का, हे क्लासवाल्याच्या तोंडी बोलण्यावर सोडू नका, नोकरी देणाऱ्याकडून लेखी मागून घ्या.